आर१५, आरआर ३१० की आरसी ३९०? आकडा एक, सीसी दुसरे

यामाहाच्या आर१५ या स्पोर्ट बाइकच्या नावातले १५ आले १५० सीसीवरून, सीसी म्हणजे इंजिनाचं आकारमान. २००८ मध्ये गाडी आली तेव्हा इंजिन १४९.८ सीसीचं होतं. २०१८ मध्ये ते १५५ चं झालं, नाव मात्र तेच राहिलं. पाच सीसीनं काय बिघडते बे, असं कोणी म्हणेल. थर्ड पार्टी विम्याचा टप्पा बिघडतो! २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, पुढे ३५० पर्यंत १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४.

केटीएमच्या आरसी ३९० मध्ये ३९० कुठंच नाही. ८९ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), हिशेब मांडला की ३७३ सीसी निघतात. पुढं ३९० ड्यूकला ३९९ सीसीचं इंजिन आलं, तरी नाव ३९०च. कावासाकी निंजा ५०० तर ४५१ सीसीचीच आहे. टीव्हीएसची अपाची आरआर ३१० त्या मानानं सरळ: ३१२.२. बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ सगळ्यांत प्रामाणिक, पण तिचं बजेट वेगळं.

खिशाला खरी कात्री ३५० च्या रेषेवर लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, वर ४०. म्हणजे ३१० अलीकडे आणि ३७३ पलीकडे.

नुसत्या सीसीवर ताकदही ठरत नाही. सुझुकी जिक्सर एसएफ आणि आर१५, दोन्ही १५५ सीसीच्या. जिक्सरचं इंजिन एअर-कूल्ड (हवेनं थंड होणारं), दोन व्हॉल्व्हचं, ताकद १३.६ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). आर१५ लिक्विड-कूल्ड, चार व्हॉल्व्हची. १०,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) १८.४ पीएस देते. फक्त ती ताकद वरच्या आरपीएमलाच सापडते, गर्दीत नाही. आरआर ३१० चे २०२४ पासून ३८ पीएस, आरसी ३९० चे ४३.५.

आता हे ४३.५ पीएस नागपुरात वापरायचे कुठं? समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर आरसीचा इंजिन थंड करणारा पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात, वर हँडल खाली असल्यानं मनगटं दुखतात ते वेगळंच. सावनेर-छिंदवाड्याहून पचमढीच्या घाटात मात्र तिची मजा कळते. दर दुसऱ्या रविवारी तिकडे जाणारा असाल तर ४० टक्के भरा, मी अडवणार नाही.

रोज कॉलेज आणि सीताबर्डी असेल तर आर१५ पुरते, पेट्रोलही कमी पिते. ऑफिस आणि अधूनमधून लांबचा पल्ला, दोन्ही असतील तर माझं मत आरआर ३१० ला. टेस्ट राइड मात्र सकाळी घेऊ नका, भर दुपारी दोनला मागा.