ब्लेंडरवर लूप बनवताना: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

सोलापुरात आता लग्नाचं स्टेज असो की मंडळाचा देखावा, मागे एलईडी वॉल लागतेच. तिच्यावर फिरत राहणाऱ्या भौमितिक आकृत्यांचे लूप (संपताच न तुटता पुन्हा सुरू होणारे छोटे व्हिडिओ) मी ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. आधी विकतचे लूप वापरायचो, पण तेच चार लूप सगळ्या शहरात दिसू लागले, म्हणून स्वतः बनवायला घेतले. ब्लेंडर फुकट आहे, २००२ पासून मुक्त स्रोत आहे आणि त्यावर केलेलं काम विकायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला हे फार मोलाचं आहे.

लूपचं सगळं मर्म जोडात असतं. शंभर फ्रेमचा लूप हवा असेल तर शेवटची कीफ्रेम (आकृतीची स्थिती नोंदवायची खूण) १०१ व्या फ्रेमवर द्यायची आणि रेंडर, म्हणजे अंतिम चित्रं काढणं, १ ते १०० एवढंच करायचं. १०१ वी फ्रेम म्हणजे पहिलीच फ्रेम. ती दोनदा आली की आकृती क्षणभर अडखळते आणि बारा फुटी पडद्यावर ते लांबूनही कळतं. दुसरी गोष्ट गतीची. ब्लेंडर आपणहून बेझियर गती देतं, म्हणजे आकृती सावकाश सुटते आणि सावकाश थांबते. सलग फिरण्यासाठी टाइमलाइनवर कीफ्रेम निवडून ‘टी’ दाबा आणि गती लिनिअर, म्हणजे एकसारखी, करा.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती समरूपतेची. षटकोन पूर्ण ३६० अंश फिरवायची गरज नाही. ६० अंश फिरला की तो पहिल्यासारखाच दिसतो, लूप तिथेच मिटतो. चौरसाला ९० अंश पुरतात. आकृत्यांची जाळी असेल तर प्रत्येकीला फक्त शेजारणीच्या जागेपर्यंत सरकवायचं. आमच्या शहराच्या पूर्व भागात जेकार्डचं (चादरीवर विणायच्या नक्षीचं) डिझाईन करणारे आलेखाच्या कागदावर चौकोन भरताना उजवी कड डाव्या कडेशी जुळते का, हे बघतात. एक रिपीट जुळला की अख्खी चादर जुळली. मी तेच वेळेच्या बाबतीत करतो. एकाच दृश्यात वेगवेगळ्या गती हव्या असतील तर २०० फ्रेमच्या लूपमध्ये एक आकृती ४० फ्रेमची, दुसरी ५० ची ठेवतो. दोन्हींनी २०० ला नि:शेष भाग जातो, त्यामुळे शेवटी सगळं जागेवर येतं.

ब्लेंडरमध्ये २०२१ मध्ये आलेल्या जिओमेट्री नोड्स या सोयीमुळे हजारो घन एका सूत्रावर हलवता येतात. लाटेसारखी अनियमित हालचाल हवी असेल तर नॉइज (यादृच्छिक चढउतारांचा नमुना) चार मितींचा घ्या: दोन मिती नक्षीला, उरलेल्या दोनमध्ये वेळेचे साइन आणि कोसाइन. वर्तुळावर फिरून नॉइज निघाला तिथेच परत येतो. हे समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर जो आनंद झाला तो कुठल्याही तयार टेम्प्लेटमध्ये मिळाला नसता.

रेंडरबद्दल. सपाट, चकाकत्या आकृत्यांना ब्लेंडरचं ईव्ही हे वेगवान रेंडर इंजिन पुरतं. काच आणि खरा प्रकाश हवा असेल तरच सायकल्स हे दुसरं, हळू इंजिन. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉप दुपारी तापून मंद होतो, म्हणून सायकल्सचं काम मी रात्रीच लावतो. थेट व्हिडिओ फाईल कधीच काढू नका, पीएनजी फ्रेमच (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढा. लाईट गेली तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि ‘ओव्हरराइट’ बंद ठेवलं की उरलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं.

फोर-केच्या मागे लागण्याचंही कारण नाही. भाड्याच्या पी ३.९१ वॉलमध्ये (दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर) ५०० मिलिमीटरच्या एका कॅबिनेटला, म्हणजे जोडायच्या एका चौकटीला, १२८ ठिपके असतात. चार मीटर रुंद वॉल म्हणजे आडवे १०२४ ठिपकेच. ऑपरेटरला आधी कॅबिनेट किती ते विचारा, तेवढ्याच मापाचं रेंडर करा; वेळ निम्म्याहून कमी लागतो. अगदी बारीक रेषा मात्र टाळा, वॉलवर त्या लुकलुकतात. गडद रंगांच्या छटांमध्येही पट्टे दिसतात, तिथे किंचित दाणेदारपणा मुद्दाम ठेवावा.

ब्लेंडरमधून जीआयएफ थेट निघत नाही, त्यासाठी एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर लागतं. व्हॉट्सॲपवर नमुना पाठवायलाही मी एमपी४ च वापरतो, कारण जीआयएफच्या एका फ्रेममध्ये २५६ च रंग मावतात आणि सोनेरी छटा पार विटते.

आणखी एक, हे मांडवात उभं राहिल्यावरच कळतं: काही प्लेयर फाईल संपून पुन्हा सुरू होताना क्षणभर काळे पडतात. तुमचा जोड कितीही साफ असला तरी उपयोग नाही. म्हणून मी एफएफएमपेगच्या ‘स्ट्रीम लूप’ या पर्यायाने तोच लूप अर्ध्या तासाच्या एका फाईलमध्ये जोडून पेन ड्राइव्हवर देतो.