पेठेसाठी एकत्र यायचं, पण कोणत्या रूपात? कोकणातल्या बाजारपेठांसाठी एक तुलना

कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावची बाजारपेठ घ्या. तिथे व्यापारी संघ असतो, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ असतं, रिक्षा संघटना असते, दोन-चार बचत गट असतात. मासळी विकणाऱ्या बायकांची आपसात एकी असते. शिमग्यात पेठेतून पालखी जाते, म्हणून देवस्थानचे मानकरीही असतात. शिवाय दुकानांच्या माडीवर आणि मागच्या परड्यांत पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसं असतात, त्यांना बैठकीला बोलवायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. गटार तुंबू नये, दिवे लागावेत, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळावी, बायकांसाठी धड स्वच्छतागृह असावं, यावर या सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नाशी: एकत्र काम करायचं तर कृती समिती काढायची, संस्था नोंदवायची, की आणखी काही?

माझं मत आधीच सांगून ठेवतो. नवी संस्था काढायची घाई करू नका. आहेत त्या संघटनांनी आपसात लेखी करार करावा, पैसे त्यांच्यातल्याच एका नोंदणीकृत संस्थेने वेगळ्या खात्यात सांभाळावेत आणि असे दोन पावसाळे काढावेत. सांभाळायला काही मालमत्ता उभी राहिली की मग नोंदणीचा विचार करावा.

नुसती कृती समिती

ही सगळ्यांत लवकर उभी राहते. एक संध्याकाळ, एक सभागृह, एक अध्यक्ष आणि एक निवेदन, एवढ्यावर काम सुरू होतं. मागणी एकच आणि स्पष्ट असेल तर हिच्याइतकं प्रभावी साधन नाही. चिपळुणात २२ जुलै २०२१च्या महापुराने अख्खी बाजारपेठ पाण्याखाली घेतली. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नद्यांमधला गाळ काढा, या मागणीसाठी चिपळूण बचाव समितीने त्याच वर्षी डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केलं. व्यापारी होते, नागरिक होते, एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे राजकीय पक्षांचे कार्यकर्तेही होते. गाळ उपसायला सरकारी यंत्रणा लागली, नाम फाउंडेशनही मदतीला आली. २००५चा पूरही ज्या शहराने भोगला होता, तिथे ही मागणी कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

पण गाळ काढा असं सरकारला सांगणं वेगळं आणि पेठेतलं गटार दरवर्षी पावसाळ्याआधी आपण बघून घेणं वेगळं. कृती समिती दबाव आणू शकते. रोजची देखभाल तिच्याने होत नाही. मागणी मान्य झाली की माणसं आपापल्या दुकानात परततात, आणि ते साहजिक आहे.

पैशाचं कोडं याहून मोठं. नोंदणी नसलेल्या समितीच्या नावाने खातं उघडायला बँकेची शाखा सहज तयार होत नाही, आणि मग वर्गणी कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात जाते. तिथून कुजबुज सुरू होते, माणूस कितीही सचोटीचा असला तरी. शिवाय सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच. हे अनेक समित्यांच्या गावीही नसतं.

नोंदणीकृत संस्था

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था नोंदवली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी करावी लागते. म्हणजे घटना, उद्देश, सभासद नोंदवही, इतिवृत्त आणि दरवर्षी लेखापरीक्षण. हे ओझं आहे, पण चांगलं ओझं आहे. ज्या पेठेत हिशोब भिंतीवर लागतो तिथे दुसऱ्या वर्षी वर्गणी मागायला तोंड चुकवावं लागत नाही.

खरी अडचण कार्यकारिणी बदलते तेव्हा येते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद मागणारा अर्ज, दाखल करावा लागतो. कुणी हरकत घेतली तर प्रकरण रेंगाळतं, आणि तोवर दफ्तरी जुनीच नावं राहतात. बँकेतली सही अडते, करार अडतो. आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाचा किंवा शिक्षण संस्थेचा इतिहास आठवून पाहा, मी काय म्हणतो ते लक्षात येईल. पेठेतल्या दोन घराण्यांचं वाकडं असेल, तर ते भांडण नोंदणीमुळे मिटत नाही, त्याला फक्त कार्यालय मिळतं.

बरेच जण नोंदणी करतात ती कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या, म्हणजे सीएसआरच्या आशेने. लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत जवळ आहे, रत्नागिरीला कारखाने आहेत, तर एखादी कंपनी दिवे बसवून देईल, असं गणित असतं. इथे सावध राहा. असा निधी घ्यायला आयकर कायद्याखालची धर्मादाय संस्थेची आणि देणगीदाराला सवलत देणारी नोंदणी (१९६१च्या कायद्यातली १२अ आणि ८०जी) लागते, शिवाय कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक लागतो. आणि कंपनीने स्वतः काढलेली नसलेली संस्था असेल तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आज नोंदवलेल्या संस्थेला उद्या निधी मिळेल, ही समजूत कागदावर टिकत नाही. जिल्हा नियोजन समितीचा पैसाही रस्त्या-गटाराच्या कामांसाठी नगरपरिषदेमार्फतच खर्च होतो, तो तुमच्या संस्थेच्या खात्यात येत नाही.

कंपनी आणि सहकारी संस्था

कंपनी कायदा २०१३च्या कलम ८खाली ना-नफा कंपनी काढता येते. खाजगी स्वरूपात दोन जणही पुरतात, कामकाज ऑनलाइन होतं आणि धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या वाचतात. पण दरवर्षीची विवरणपत्रं, सनदी लेखापाल, चुकलं की दंड, हे सगळं एका पेठेसाठी जड आहे. शिवाय मासळी विकणारी मावशी कंपनीची भागधारक म्हणून बैठकीला येणार नाही. जिल्हाभर काम करणाऱ्यांनी हा मार्ग बघावा, आळीने नव्हे.

सहकारी संस्थेचा विचार वेगळ्या कारणाने करावा. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, आणि जिथे सेवा विकायची आहे, म्हणजे पार्किंग चालवायचं, बर्फाची पेटी किंवा शीतपेटी सामाईक ठेवायची, तिथे ती शोभते. पेठेच्या एकूण सुधारणेसाठी नाही.

करारावर चालणारी समन्वय समिती

माझी पसंती हिला. व्यापारी संघ, मंडळ, रिक्षा संघटना, बचत गट, देवस्थान, रहिवासी असे सगळे आपापल्या जागी राहतात. दोन-तीन पानांचा सामंजस्य करार होतो. पैसे एका नोंदणीकृत संस्थेकडे, बहुधा व्यापारी संघाकडे, पण वेगळ्या खात्यात. सह्या दोन, आणि दोघं वेगवेगळ्या संघटनांचे. हिशोब दर महिन्याला पेठेतल्या फलकावर.

हे करण्याआधी त्या संघाची कागदपत्रं नीट बघा. त्याच्या घटनेतल्या उद्देशांत सार्वजनिक सोयीची कामं बसतात का? शेवटचं लेखापरीक्षण कधीचं? चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील तर संघाला बाजूला ठेवून दुसरी संस्था शोधा. एखादं जुनं वाचनालयही चालेल.

या पद्धतीतला धोका उघड आहे: ज्याच्या हातात खातं, त्याचा आवाज मोठा. म्हणून करारात एक कलम असावं की पेठेच्या निधीतला कुठलाही खर्च व्यापारी नसलेल्या किमान दोन संघटनांच्या संमतीशिवाय होणार नाही. व्यापाऱ्यांना हे टोचेल. तरीही धरून बसा, कारण या एका कलमावर मासेवाल्या आणि रिक्षावाले टिकतील की तिसऱ्या बैठकीपासून गायब होतील, हे ठरतं.

नोंदणी नाही म्हणून नगरपरिषद दारात उभी करणार नाही, अशी भीती असते. मुंबईत महापालिकेने १९९७ पासून गल्लीगल्लीतल्या रहिवाशांच्या एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) गटांना सोबत घेतलं. घाटकोपरच्या जोशी लेनसारख्या एका गल्लीतून ती कल्पना पुढे आली. तुमच्या नगरपरिषदेकडून समन्वय समितीला मान्यता देणारा साधा ठराव मिळाला तरी काम होतं. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर जिथे प्रशासकाची राजवट संपली, तिथे आता थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत. ठराव मांडायला माणूस आहे. आणि तो ठराव हवाच, कारण रस्ता, गटार, दिव्याचा खांब हे नगरपरिषदेचं आहे. लेखी ना-हरकतीशिवाय लावलेली फरशीसुद्धा उद्या उखडली जाऊ शकते. जिथे नगरपरिषदच पुढाकार घेते, तिथे तर नवी रचना लागतही नाही. वेंगुर्ल्याने कचरा वर्गीकरण घराघरात आणि दुकानादुकानात रुजवलं, कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं. तिथे लोकांचं काम साथ देण्याचं होतं.

वर्गणीबद्दल थोडं. टोरांटोच्या ब्लोर वेस्ट व्हिलेज भागात १९७० साली जगातला पहिला व्यापारी सुधारणा विभाग झाला. भुयारी रेल्वे सुरू झाल्यावर रस्त्यावरचं गिऱ्हाईक घटलं होतं. कणकवलीत उड्डाणपुलावरून गाड्या शहर ओलांडून जातात, तशीच काहीशी गत. टोरांटोत कायद्याने त्या भागातल्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर वसूल होतो आणि तो त्याच रस्त्यावर खर्च होतो. आपल्याकडे व्यापारी संघाला असा कर लावता येत नाही. वर्गणी ऐच्छिक, म्हणजे देणारे देतात आणि न देणाऱ्यांच्या दारातही दिवा लागतो. ही वस्तुस्थिती मान्य करूनच अंदाजपत्रक करा. सक्तीने वसूल करू पाहणारी समिती मी टिकलेली पाहिली नाही. पैशाऐवजी आपल्या दारासमोरचं गटाराचं तोंड साफ ठेवण्याची जबाबदारी मागितली तर अनेक जण आनंदाने घेतात.

फेरीवाल्यांना वगळून चालणार नाही

कुठलंही रूप निवडा, हा मुद्दा टाळता येणार नाही. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे शहर फेरीविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. म्हणून रस्ता मोकळा करा एवढाच कार्यक्रम घेऊन उभी राहिलेली समिती कायद्यातही अडकते आणि माणसांतही. रस्त्याकडेला बसून मासे, काकड्या, सोनकेळी, गावठी भाजी विकणाऱ्या बायका हे गिऱ्हाईक पेठेत येण्याचं एक मोठं कारण आहे. त्यांच्यासाठी शेड, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह हे पहिल्या वर्षीच्या यादीत पहिलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

नोंदणीचा एक खरा फायदा इथे दिसतो. त्याच समितीवरच्या नामनिर्देशित सदस्यांत किमान १० टक्के जागा स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांसाठी आहेत. नोंदणी असलेल्या संस्थेला तिथे दावा करणं सोपं जातं.

मग कुणी काय निवडावं

पुराच्या गाळासारखी एकच मोठी मागणी असेल तर कृती समिती पुरे. राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवलीचं पाणी चढतं, तसं पाणी जिथे दरवर्षी येतं, तिथे मात्र उपोषणासोबत देखभालही लागते, म्हणून करार हवा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या चितार आळीसारखी एकाच धंद्याने ओळखली जाणारी गल्ली असेल तर हितसंबंध जुळलेले असतात; तिथे करारही छोटा पुरतो. स्वच्छतागृह चालवायला घ्यायचं असेल, कॅमेरे स्वतःच्या मालकीचे ठेवायचे असतील, पगारी माणूस नेमायचा असेल, तर नोंदणी करा, आणि तोवर झालेल्या दोन वर्षांच्या कामाची इतिवृत्तं आणि हिशोब जपून ठेवा. पुढे अर्जांना जोडायला तेच लागतात.

सुरुवात दिवाळीनंतर करा. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, पेठेला श्वास घ्यायला फुरसत नसते. फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक होतं, म्हणून मागणीचं पत्र त्याआधी, डिसेंबरातच द्या. मार्च-एप्रिलमध्ये गटारं उघडून बघा, कारण मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, पर्यटक आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी यांत कुणीही हाती लागणार नाही. गटार जिथे खाडीला मिळतं ते तोंड भरतीच्या वेळी जाऊन पाहा. उधाण आणि मुसळधार एका वेळी आले की पाणी तिथूनच पेठेत उलटं शिरतं, आणि ते तोंड कुणाच्या अखत्यारीत आहे, नगरपरिषदेच्या की बंदर खात्याच्या, हे पहिल्याच बैठकीत लेखी विचारून घ्या.