होडीच्या रंगाखाली काय गेलं, ते मला दसऱ्याला कळलं

दसऱ्याला दुपारी मी झेंडूचा हार घेऊन नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या बंदरावर गेलो. घरातल्या हत्यारांची पूजा झाली होती, होडीची राहिली होती. ओहोटीमुळे होडी चिखलात डाव्या कुशीवर टेकली होती आणि उजवी बाजू वर आली होती. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, हातभर मागे रंगाला पुरीएवढा फोड आलेला दिसला. अंगठ्याने दाबला तर आतून तपकिरी पाणी आलं. कडेला नख घालून ओढलं, तर रंग, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि फायबरचा थर सगळं मिळून वीतभर सोलून हातात आलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. त्याखाली मी स्वतः दिलेला इपॉक्सीचा, म्हणजे हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या राळेचा, लेप होता. जूनमध्ये जसा होता तसाच, स्वच्छ आणि चकचकीत. त्याला काहीही धरलेलं नव्हतं.

ही २०२४ ची गोष्ट. हौसेने घरी होडी किंवा कायाक बांधणारी चार माणसं ठाणे-नवी मुंबईत मला आता माहीत आहेत. सगळे लाकूडकाम स्वतः करतात आणि शेवटचं फायबर-रंगाचं काम बाहेर देतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर. चौदा फुटांची ही होडी दिवाळ्यात एका मित्राच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये एकोणीस महिने रविवारी रविवारी बांधली. प्लाय घेताना मी काटेकोर होतो. ‘मरीन’ असा शिक्का कोणीही मारतो, म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाचं मानांकन पाहिलं. त्या मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते बघतात. मीही घरी एक तुकडा दोन दिवस पातेल्यात उकळला. फळ्यांचे सांधे तांब्याच्या तारेने शिवले, आतून इपॉक्सी भरली, बाहेरूनही इपॉक्सीचा एक हात दिला. आता उरलं होतं ते सगळ्या बुडाला काचेचं कापड चढवणं, लांबी, प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि पाण्याखालच्या भागाला शेवाळ-कालवं न धरणारा, तांबं असलेला तांबड्या रंगाचा लेप. यासाठी फवारणीचा पंप, घासायचं मशीन आणि सराव लागतो असं मला वाटलं, म्हणून माणूस शोधला.

जून आणि जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गावातल्या सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात आणि जो तो रंगरंगोटीत असतो. चांगले कारागीर त्या दोन महिन्यांत सापडत नाहीत. हा सापडला, हीच पहिली खूण होती. रबाळ्याच्या बाजूला त्याचा गाळा आहे असं त्याने सांगितलं. मोबाइलवर चकचकीत होड्यांचे पंधरा-वीस फोटो दाखवले. ‘सर, तुम्ही फक्त नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन या, बाकी माझ्यावर सोडा,’ म्हणाला. मालासकट ६२,००० रुपये ठरले. लेटरहेडवर हाताने लिहिलेलं कोटेशन दिलं, त्यावर जीएसटी नंबर नव्हता. ३५,००० आगाऊ मागितले आणि ते त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर घेतले. मे महिन्यात पैसे घेतले, आला जूनच्या मध्यावर, पाऊस सुरू झाल्यावर.

आता ज्या गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर झाल्या आणि ज्यांचा अर्थ मला लागला नाही, त्या सांगतो.

पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरलो तेव्हा जो वास आला, तो मला ओळखीचा होता. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनतात त्या गाळ्यांच्या बाहेर येतो तो, डोक्यात जाणारा गोडसर वास. मी महिनोन् महिने इपॉक्सी कालवली होती, तिला असा वास नसतो. विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, हा इम्पोर्टेड हार्डनरचा वास आहे.’ त्याचा पोऱ्या प्लास्टिकच्या टबात राळ ओतत होता. राळेचा रंग फिकट जांभळा. मग त्याने औषधाच्या बाटलीसारख्या छोट्या बाटलीतून पंधरा-वीस थेंब पिळले आणि काठीने ढवळलं. त्या क्षणी मी त्याचा हात धरायला हवा होता. इपॉक्सीत हार्डनर थेंबांनी पडत नाही. कंपनीप्रमाणे दोनाला एक, शंभराला दहा, जे प्रमाण असेल ते वजन करून किंवा मापून घालावं लागतं. थेंबांनी जमते ती पॉलिएस्टर राळ, आणि तो जांभळट रंग ती लवकर घट्ट व्हावी म्हणून त्यात आधीच घातलेल्या कोबाल्टचा. मी इपॉक्सी किलोला सातशेच्या आसपास आणली होती. पॉलिएस्टर तेव्हा दोनशेच्या आत मिळायची.

पॉलिएस्टर वाईट असते असं माझं म्हणणं नाही, तिच्या होड्या जगभर आहेत. पण वाळलेल्या इपॉक्सीवर ती नीट धरत नाही. उलट केलं तर चालतं, पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसते. माझ्या होडीवर इपॉक्सी आधीच होती, आणि ती घासलेलीही नव्हती. इपॉक्सी दमट हवेत सुकली की वर मेणासारखा अदृश्य चिकट पापुद्रा येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावा लागतो, मग पॉलिश पेपर मारून पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत करावा लागतो. माझा लेप चकचकीत होता, म्हणजे त्यावर पेपर फिरलाच नव्हता. घासणीचे दोन दिवस त्याने हिशोबात लावले होते.

कापडाचंही तेच. मी विणलेलं काचेचं कापड सांगितलं होतं. त्याने आणली मॅट, तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची. मॅटचे धागे ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणजे कोणी इपॉक्सीच्या कामाला मॅट घेऊन आला, तर टबात काय आहे हे विचारायचीही गरज नाही. हे मला आज कळतं.

मग लांबी. गाडीच्या गॅरेजात वापरतात ती, डब्यावर स्टिकर उलटं लावलेलं. ती पावडर भरलेली पॉलिएस्टर लांबी असते, पाणी पिते, पाणरेषेखाली अजिबात चालत नाही.

सगळ्यात मोठं खोटं रंगाच्या दिवशी झालं. नामांकित कंपनीच्या पीयूचा चार लिटरचा डबा आला. झाकण आधीच उघडलेलं, कडेला ठोकल्याच्या खुणा. माझ्या होडीचा बाहेरचा भाग साधारण ८० चौरस फूट. लिटरभर रंगात शंभरेक चौरस फुटांचा एक हात होतो. तीन हात म्हटले तरी चार लिटर लागत नाहीत, पण बिलात चार होते. पीयू दोन डब्यांचा असतो, एक रंग आणि एक हार्डनर. मी विचारलं, ‘हार्डनर कुठाय?’

‘आधीच घातलंय, सर. कंपनीतूनच मिक्स येतो.’

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातला उरलेला रंग पातळ करून तो पुन्हा वापरत होता. आता विचार करा, हार्डनर एकदा पडला की काही तासांत डब्यातला रंग घट्ट होतो, दुसऱ्या दिवशी काठीसुद्धा बाहेर निघत नाही. काल कालवलेला पीयू आज पातळ होतोय, म्हणजे त्यात हार्डनर नाहीच. तो साधा ऑइल पेंट होता, नामांकित डब्यात भरलेला. ऑइल पेंट ताज्या इपॉक्सीवर कित्येकदा वाळतही नाही, चिकट राहतो. इथे मधे त्याची लांबी होती म्हणून वाळला.

रंगावर बारीक बुडबुडे होते. ते दाखवले तर म्हणाला, ‘पावसाळा आहे ना, हवेतलं पाणी.’ मी गप्प बसलो, कारण हे मी वाचलेलं होतं. खऱ्या पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी भिडतो आणि बुडबुडे येतात, म्हणून ८५ टक्क्यांवर आर्द्रता असेल तर काम करू नये असं सांगतात. खरी गोष्ट त्याने आपल्या खोट्याला पांघरूण म्हणून वापरली. मला जेवढं अर्धवट माहीत होतं, तेवढंच त्याच्या कामी आलं. प्रायमर झाल्यावर २०,००० अजून दिले. एकूण ५५,०००.

१९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. गावाबरोबर आम्हीही होडी पाण्यात लोटली, लेकीने नारळ वाहिला. त्या दिवशी होडी इतकी सुंदर दिसत होती की आई रडली.

दसऱ्याला तो फोड घेऊन मी बसलो होतो तेव्हा शेजारच्या होडीवरचे तात्या खाली उतरले. सत्तरी पार केलेले, आयुष्य याच खाडीत गेलेलं. त्यांनी काही विचारलं नाही. स्क्रूड्रायव्हर मागितला, त्याच्या मुठीने बुडावर ठोकत ठोकत नाळेपासून मागे गेले. काही ठिकाणी टक्‌ टक्‌ असा भरीव आवाज, काही ठिकाणी पोकळ, भोपळ्यासारखा. पोकळ जागेभोवती खडूने गोल करत गेले. मागे पोहोचेपर्यंत अर्धी होडी गोलांनी भरली होती.

‘मास्तर, यो रंग नाय. कागूद चिकटवलाय तुमाला,’ ते म्हणाले. मग चिंधी थिनरमध्ये भिजवून वरच्या पट्ट्यावर घासली. रंग मऊ होऊन चिंधीला लागला. नीट पिकलेला दोन डब्यांचा पीयू थिनरच्या चिंधीने असा सुटत नाही. पाणरेषेखाली कालवांचे आणि बार्नेकलचे (बुडाला चिकटणाऱ्या कवचधारी जिवांचे) थर बसले होते, आठ आठवड्यांत. तो तांबडा लेप म्हणजे लोखंडी खिडक्यांना देतात तो रेड ऑक्साइड होता. तांब्याच्या खऱ्या लेपाच्या माहितीपत्रकात एका लिटरचं वजन दिलेलं असतं. ते बघून डबा वजनकाट्यावर ठेवला तरी बरंच काही कळतं.

(आणि मी म्हणेन, होडी दर आठवड्याला वर ओढणार असाल तर तांब्याचा लेप लावूच नका. तो कीड मारतो म्हणजे विषच असतो, आणि याच खाडीच्या वरच्या अंगाला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.)

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. फोन पहिल्यांदा उचलला, ‘खाडीचं पाणी केमिकलचं आहे, त्याला मी काय करू’ म्हणाला, नंतर नंबर ब्लॉक. लेटरहेडवरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ‘पत्ता अपुरा’ म्हणून परत आली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. पण समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे मेव्हण्याचा यूपीआय आयडी आहे. बिल नाही, जीएसटी नंबर नाही, रिकाम्या डब्यांचे फोटोही नाहीत, कारण डबे तो दर संध्याकाळी बरोबर घेऊन जायचा. रिकामे डबे कोण घरी नेतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. काम होईपर्यंत डबे तुमच्या शेडमध्ये राहिले पाहिजेत, सीलबंद आलेले, बॅच नंबर दिसणारे. आणि माल शक्यतो स्वतः विकत घ्या, कारागिराला फक्त मजुरी द्या.

होडी मी नोव्हेंबरमध्ये वर काढली. सगळं खरवडलं, त्यात दोन महिने गेले. डाव्या बाजूच्या एका सांध्याला प्लाय भिजून काळा पडला होता, तेवढा तुकडा कापून नवा बसवला. बाकी प्लाय शाबूत होता, ते माझं पातेलं कामी आलं. जानेवारीत कोरड्या हवेत इपॉक्सी, कापड, रंग सगळं मी आणि लेकीने मिळून केलं. दर वेळी जी राळ कालवली, जो रंग कालवला, तोच प्लायच्या एका वेगळ्या तुकड्यावरही लावला, त्यावर तारीख लिहिली. ते तुकडे शेडच्या खिळ्याला टांगले आहेत. कोणाला बघायचे असतील तर या, थिनरची चिंधी घेऊन या.

आणि एक. गेल्या महिन्यात एका ओळखीच्याने मला फोटो पाठवला, ‘हा माणूस कसा आहे रे, काम छान दिसतंय.’ पांढरी होडी, नाळेवर पिवळा पट्टा, मागच्या अंगाला लहान मुलीच्या हाताने काढलेला निळा मासा. तो मासा माझ्या लेकीने काढलाय. फोटो १८ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळचा आहे, पाण्यात उतरवायच्या आदल्या दिवशीचा. तुम्हालाही तो दाखवला गेला, तर आधी मला फोन करा.