पोतं कंपनीचं, आतला माल भलताच : करडांच्या ‘बायपास फॅट’मध्ये झालेली माझी फसवणूक

वाढत्या करडांना खुराकात बायपास फॅट, म्हणजे ऊर्जेसाठी मिळणारी कॅल्शियमशी बांधलेली चरबी, द्यायचा कुणाचा विचार चालला असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ३४,४०० रुपये गेले, एक करडू गेलं आणि बाकीच्यांच्या वाढीचे दीड-दोन महिने वाया गेले. विकणारा अजून कुठल्या ना कुठल्या बाजारात फिरत असणार, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आमचा गोठा वाडेबोल्हाईच्या अलीकडे आहे. घरात बोल्हाईचंच चालतं, म्हणजे मेंढीचं. शेळीचं मटण आमच्याकडे शिजत नाही. पण पाळायला शेळ्याच, उस्मानाबादी आणि काही संगमनेरी. यंदा घरची आणि विकत घेतलेली मिळून ४० करडं होती, चार-पाच महिन्यांची, सरासरी १५ किलोची. बकरी ईदला आठ महिने होते. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो, तेव्हा वयाचा हिशोब बसत होता, वजनाचा बसत नव्हता. महिन्याला जेमतेम दीड किलो वाढ मिळत होती.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात एक जण भेटला. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, सोबतचा माणूस त्याला ‘डॉक्टर, डॉक्टर’ म्हणत होता. कशाचा डॉक्टर, हे मी विचारलं नाही. बोलला मात्र असं की मी ऐकतच राहिलो. पिठूळ खाद्याच्या सव्वादोन पट ऊर्जा चरबीत असते. पण नुसतं तेल दिलं तर ते कोटीपोटात, म्हणजे शेळीच्या पहिल्या मोठ्या पोटात, चाऱ्यावर लेपासारखं बसतं, चारा पचवणारे जिवाणू मरतात. म्हणून चरबी कॅल्शियमशी बांधतात. ती बांधलेली चरबी कोटीपोटात विरघळत नाही, पुढे चौथ्या पोटातल्या आंबट रसात सुटते आणि आतड्यात पचते. म्हणून नाव ‘बायपास’. घरी येऊन मी दोन-तीन ठिकाणी वाचलं, ओळखीच्या एका दूधवाल्याला विचारलं. यातला शब्द न् शब्द खरा निघाला.

इथंच मी फसलो. माहिती खरी आहे म्हटल्यावर माणूसही खरा असणार, असं धरून चाललो. खरी माहिती कुणालाही पाठ करता येते. पोत्यात काय आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

पहिलं २५ किलोचं पोतं ४,००० रुपयांना घेतलं. आत फिकट पिवळसर, कोरडे दाणे होते, साबणासारखा मंद वास. करडाला दिवसाला २० ग्रॅम द्या म्हणाला. ते पोतं महिनाभर पुरलं आणि त्या महिन्यात कसलाही त्रास झाला नाही. ते पोतं खरंच होतं, हे आज मी खात्रीने सांगतो. गळाला आमिष खरंच लावावं लागतं.

महिना संपता संपता तो वजनकाटा घेऊन गोठ्यावर आला. सुरुवातीचं वजनही त्यानेच केलं होतं, सकाळी सातला, करडं उपाशी असताना. या वेळी आला संध्याकाळी पाचला. करडं दिवसभर चरून आलेली, हौदावर पाणी पिऊन तट्ट झालेली. आदल्या दिवशी फोन करून ‘खुराकात मीठ जरा वाढवा, पचन सुधारतं’ असं सांगायलाही तो विसरला नव्हता. मीठ जास्त झालं की जनावर पाणी जास्त पितं, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही. १५ किलोच्या करडाच्या पोटात चारा-पाण्याने दीड-दोन किलोचा फरक सहज पडतो. काट्यावर सरासरी वाढ दिसली ४.३ किलो. मी तिथल्या तिथे आठ पोती सांगितली, ३,८०० रुपयांप्रमाणे ३०,४०० रुपये. पैसे गेले एका बाईच्या नावच्या वैयक्तिक खात्यावर. हातात आली एक चिठ्ठी, वर ‘इस्टिमेट’ लिहिलेली, खाली सही नाही.

जाताना पहिलं रिकामं पोतं त्याने मागून घेतलं. ‘कंपनी दहा रुपये देते, तुमच्या हिशोबात वजा करतो.’ दहा रुपये खरोखर वजा केले. हे पोतं कशाला हवं होतं, ते पुढे कळलं.

नव्या पोत्यांपासून प्रमाण ५० ग्रॅम करा म्हणाला, आता करडांना सवय झालीय. नववा-दहावा दिवस असेल, लेंड्या सुट्या पडायच्या थांबल्या. चिकट, पांढुरका गोळा पडायला लागला. करडं आंबोण हुंगून मागे सरकायची. दुपारी सावलीत बसली की रवंथ करणारं करडू हाताच्या बोटांवर मोजावं लागे. शेजारचे एक वयस्क धनगर तात्या आहेत, ते कुंपणावरूनच म्हणाले, ‘‘पोट बसलंय यांचं. काय तेलकट घालताय का?’’ मी म्हटलं, बायपास आहे, तेलकट नसतं. तेराव्या दिवशी एक संगमनेरी करडू फुगून गेलं. आमच्या पशुवैद्यकांनी पोट उघडलं तेव्हा आतला चारा भिजून कुजल्यासारखा, न पचलेला, हाताला ओशट लागत होता. मृत्यू याच मालाने झाला असं एका करडावरून छातीठोक सांगता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. पण माल ताबडतोब बंद करायला सांगितला.

खरा उलगडा केला बायकोने. घमेलं धुताना तिला तळाशी चुन्यासारखा पांढरा साका दिसला. तिने स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं, मूठभर माल टाकला, ढवळला आणि ठेवून दिला. दहा मिनिटांनी वर तेलाचा तवंग, मध्ये कोंड्याची फोलपटं, तळाला पांढरा थर. मग तिने वरचं ओतून दिलं आणि तळाच्या साक्यावर अर्धं लिंबू पिळलं. सोडा फुटावा तसा फेस आला. चुनखडीच्या भुकटीवर आंबट पडलं की असाच फेस येतो. मला आठवलं, पहिल्या पोत्यातले दाणे मी वर्तमानपत्रावर काढून ठेवले होते, कागद कोरडाच राहिला होता. या पोत्यातला माल कागदावर ठेवला, अर्ध्या तासात कागदाच्या आरपार डाग. खवट वासही येत होता, तो आम्ही इतके दिवस ‘औषधाचा वास’ समजत होतो.

पोतं उलटंपालटं करून पाहिलं. तोंडाची शिलाई हाताची होती, जाड दोऱ्याची, आणि शेजारी मशीनच्या जुन्या शिलाईची बारीक भोकं तशीच. पोत्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. कंपनीवाल्यांनी बॅच नंबर विचारला आणि सांगितलं, हा माल वर्षापूर्वीच संपला, तोही दुसऱ्या राज्यात गेला होता. म्हणजे खऱ्या मालाची रिकामी पोती गोळा करायची, त्यात कोंडा, तेल आणि चुनखडी भरायची आणि पुन्हा शिवायची. माझं दहा रुपयांचं पोतं याच कामाला गेलं असणार. ही गोष्ट मला पैशापेक्षा जास्त लागली आहे. माझ्या गोठ्यातून गेलेल्या पोत्यात आज कुणाची तरी फसवणूक भरलेली असेल.

आता प्रयोगशाळेचं सांगतो, कारण हे कळलं नाही तर हातातला पुरावाही फुकट जातो. लेबलवर चरबी ८४ टक्के होती. पहिल्या तपासणीत चरबी आली २९ टक्के. मी अहवाल त्याला पाठवला. तो हसला आणि म्हणाला, ‘साध्या पद्धतीने कॅल्शियमची चरबी निघतच नाही, लॅबला विचारा.’ विचारलं, तर हेही खरंच! कॅल्शियमशी बांधलेली चरबी साध्या द्रावकात नीट उतरत नाही, आधी आम्लाने ती सोडवून घ्यावी लागते. बरेच जण इथे गप्प बसतात, मीही दोन दिवस गप्प होतो. मग पुन्हा पैसे भरले आणि त्याच नमुन्याची आम्ल पद्धतीने तपासणी करून घेतली. आली ३२ टक्के. माल अस्सल असता तर दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला असता. २९ आणि ३२ याचा अर्थ, जवळजवळ सगळी चरबी मोकळी होती, म्हणजे नुसतं तेल. बांधलेलं काहीच नाही. राख, म्हणजे माल जाळल्यावर उरणारा भाग, निघाली ३८ टक्के, त्यातली ११ टक्के वाळू-माती. हा दुसरा अहवाल पाठवल्यापासून त्याचा फोन बंद आहे.

हिशोब करून पाहा. १५ किलोचं करडू दिवसाला साधारण ६०० ग्रॅम कोरडं खाद्य खातं. एकूण खाद्यात चरबी ६ टक्क्यांच्या पुढे गेली की चाऱ्याचं पचन बिघडायला लागतं. म्हणजे मर्यादा ३६ ग्रॅमची. माझ्या आंबोणात सरकी होती, त्यामुळे २२ ग्रॅमच्या आसपास चरबी आधीच पोटात जात होती. या मालाच्या ५० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम मोकळं तेल. झाले ३८. आणि करडं चारा सोडायला लागली तसं ते प्रमाण रोज वरच चढत गेलं. चुनखडी आणि वाळू वेगळीच. माल अस्सल असता तरी ५० ग्रॅम म्हणजे ४२ ग्रॅम चरबी, एवढ्याशा करडाला ती कुठल्याच हिशोबात बसत नाही. प्रमाण सांगणाऱ्याला पोती खपवायची होती.

माल बंद केला, लसूणघास आणि कडबा सुरू केला. आठवड्याने रवंथ परत आला. मग मी स्वतः सकाळी सहाला, रात्रभर उपाशी ठेवून, एकेक करडू काट्याला लावलं. सरासरी १६.९ किलो. दीड महिन्यापूर्वी सुरुवात १५ ला होती आणि मधे त्याच्या काट्यावर १९.३ दिसली होती. ते आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा संध्याकाळच्या वजनाची आणि मिठाची गोष्ट डोक्यात उतरली.

आमच्या पशुवैद्यकांनी नंतर जे सांगितलं ते आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. बायपास फॅटचा खरा उपयोग व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या जनावराला. खाल्लेलं दुधाला पुरत नाही तेव्हा. वाढत्या करडाला आधी लागतात ती प्रथिनं, खुराकात १६ टक्क्यांच्या आसपास. माझ्या आंबोणात मका आणि कोंडाच जास्त होता, शेंगदाणा पेंड नावाला. जंताचं औषधही दोन महिने राहून गेलं होतं. आता पेंड वाढवलीय, सोबत शेवरी, हादगा आणि थोडा सुबाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवायला सांगितलाय, त्यात मिमोसिन नावाचा घटक असतो, जास्त झाला तर केस गळतात.

तक्रारीचंही सांगतो. पोलिसांत अर्ज दिलाय. जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, अर्जात तसं लिहा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथं नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं मला एकाने सुनावलं होतं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल असेल तर २०१९ च्या कायद्यात तो माणूस ग्राहकच धरला जातो. माझी अडचण वेगळी आहे, पक्कं बिल नाही. चिठ्ठी, पैसे गेल्याचा मोबाइलवरचा पुरावा, त्याचे संदेश आणि दोन अहवाल, एवढ्यावर उभा आहे.

तेव्हा बाबांनो, बिल घ्याच. पैसे दुकानाच्या नावावर जाऊ द्या, कुणाच्या वहिनीच्या नावावर नको. पोतं उघडण्याआधी शिलाईचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. प्रत्येक पोत्यातला मूठभर माल पाण्यात टाकून पाहा, पहिलं पोतं चांगलं निघालं म्हणून दुसरं सोडू नका. वजन स्वतः करा, सकाळी, उपाशीपोटी, दर वेळी त्याच वेळेला. आणि रिकामी पोती कुणालाही देऊ नका. आमच्याकडे आता पोतं रिकामं झालं की आई विळ्याने मधोमध फाडते आणि मगच गोठ्यात अंथरायला घेते.

सहा पोती न फोडता खोलीत ठेवली आहेत, अर्धवट फोडलेलं सातवं तोंड बांधून वेगळं. चाकण किंवा आसपासच्या बाजारातून कुणी असं हाताने शिवलेलं पोतं घेतलं असेल तर ते फोडू नका, फेकूही नका. बॅच नंबर उतरवून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. माझ्या अर्जाच्या चौकशीत त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, ‘‘असा अजून कुणी आहे का?’’