जैवअभियांत्रिकीत पीएचडी: पवई की अमेरिका?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या आमच्या वावरातून दोन्ही ठिकाणं सारखीच लांब वाटतात, पण तसं नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईत जीवशास्त्र आणि जैवअभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. गेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा द्या, मग मुलाखत. केंद्राची फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घरी चार पैसे पाठवता येतात. धानकापणीला यायचं तर विदर्भ एक्स्प्रेस आहेच.

अमेरिकेत बी.टेक.नंतर थेट पीएचडी करता येते, साधारण पाच-सहा वर्षांची. बहुतेकदा फी माफ, वर स्टायपेंड. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. मार्गदर्शकाशी जमलं नाही तर सगळी वर्षं जड जातात. मात्र अर्जाचं शुल्क, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, विमान हे आधी बाबांच्या खिशातून.

तरी खरा प्रश्न विषयाचा आहे. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे. ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. केसाएवढ्या नळ्यांच्या चिपमधून रक्त सोडून हे टिपणं जैवअभियांत्रिकीचंच काम. अमेरिकेत त्यासाठी यंत्रं भारी मिळतील, पण ती चिप चालायला हवी वीज जाणाऱ्या आरोग्य उपकेंद्रात, आशाताईच्या हातात. त्यासाठी मी पवईच निवडेन. मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडवर काम करायचं असेल, तर बाबांना समजावून अमेरिकेचा अर्ज भरा.