ऑनेस्ट की सेव्हन्थ जनरेशन?

बाळाचे डायपर आणि घरातला साबण ‘निसर्गस्नेही’ म्हणून विकून नावारूपाला आलेल्या या दोन अमेरिकी कंपन्या. सेव्हन्थ जनरेशन १९८८ मध्ये व्हरमाँटला सुरू झाली. आधी टपालाने माल, मग दुकानांत हळूहळू शिरकाव आणि २०१६ मध्ये थेट युनिलिव्हरच्या पदरात.

अभिनेत्री जेसिका अल्बाची ऑनेस्ट २०१२ मध्ये १७ उत्पादनं घेऊन ऑनलाइन उतरली. नक्षीदार डायपर आणि वाइप्सचा गठ्ठा दरमहा घरपोच, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलंच! (बाळ दोन-अडीच वर्षांत डायपर सोडतं, तीच तर गोची.) मला विचाराल तर सेव्हन्थ जनरेशनची धंद्याची चाल रटाळ, पण पक्की. ऑनेस्टने २०२१ मध्ये १६ डॉलरला शेअर विकला. वर्षभरात भाव निम्म्याच्याही खाली गेला.