सुपीरियरच्या उत्तर काठाने मोटरसायकल कॅम्पिंग: पूर्ण मोसम वापरल्यानंतर सामानाबद्दल

अमेरिकेतलं उत्तर मिनेसोटा आणि सीमेपलीकडचं कॅनडातलं ऑन्टारिओ, म्हणजे सुपीरियर सरोवराचा उत्तर काठ आणि त्याच्यामागे पसरलेली असंख्य तळी. मोटरसायकलवर तंबू बांधून या भागात फिरायला जे सामान लागतं ते मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वापरून झालं. निकाल आधीच सांगतो: इथे थंडीपेक्षा ओल जास्त छळते. पाऊस, सरोवरावरून येणारं धुकं, तळ्याकाठचं दव आणि तंबूत सोडलेला आपलाच श्वास, या चारही वाटांनी पाणी येतं. त्यामुळे किती हलकं आणि किती महाग हे प्रश्न नंतरचे. भर पावसात दुसरं काहीही न उघडता तंबू उभा राहतो का, आणि सकाळी तोच तंबू ओलागच्च गुंडाळून अंथरूण-पांघरूण कोरडं नेता येतं का, हे आधी बघायचं.

बॅगांपासून सुरुवात. दोन कापडी पॅनिअर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा), प्रत्येकी २५ ते ३० लिटरचे, आणि मागच्या सीटवर आडवी ४० लिटरची ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी. धातूच्या पेट्यांना कुलूप लागतं, त्यांच्यावर बसताही येतं. पण खडीवर बाइक आडवी झाली की पेटीखाली पाय सापडू शकतो, शिवाय रिकाम्या पेट्या आणि त्यांचा रॅक यांचंच वजन दहा किलोच्या पुढे जातं. कापडी पॅनिअरचा दोष वेगळा आहे. 'वॉटरप्रूफ' म्हणून विकलेल्या शिवणीच्या बॅगा तासाभराच्या पावसानंतर शिवणीतून झिरपायला लागतात. आत शिवणीऐवजी वेल्ड केलेली, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी हवीच. तोंडाला किमान तीन घड्या पडल्या पाहिजेत. बॅग गच्च भरली की तिसरी घडी बसत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं, म्हणून ४० लिटरच्या बॅगेत ३२-३३ लिटरच भरावं.

सायलेन्सरच्या बाजूला बॅग आणि पाइप यांच्यात चार बोटं अंतर ठेवा, आणि ते अंतर बाइक मेन स्टँडवर रिकामी असताना मोजू नका. सगळं सामान चढवून, वर बसून, मागचा शॉक दबला की मगच खरं अंतर कळतं. बॅगा जळतात त्या बहुतेक इथेच. हूकवाल्या बंजी दोऱ्या टाळा. हूक सुटला की तो थेट तोंडावर येतो. वळसा घालून ओवायच्या, बकलच्या पट्ट्या चांगल्या. नायलॉनची पट्टी ओली झाली की थोडी सैलावते, पॉलिएस्टरची तेवढी नाही. काहीही असो, निघाल्यावर पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळायच्या, आणि मोकळी टोकं टेपने बांधून टाकायची. लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम व्हायला वेळ लागत नाही.

वजनाचा हिशेब असा: तंबू २.२ किलो, स्लीपिंग बॅग १.१, गादी अर्धा, स्टोव्ह-भांडी ०.८, हत्यारं आणि पंक्चरचं सामान अडीच, पाणी तीन, खाणं तीन, कपडे चार, घडीची खुर्ची ०.९, पॅनिअर आणि ड्राय बॅग मिळून चार. बेरीज २२ किलो. हत्यारं आणि पाणी पॅनिअरच्या तळाशी, शक्य तितकं पुढे. दोन्ही बाजूंत किलोभरापेक्षा जास्त फरक नको. तंबू मात्र कुठल्याच बॅगेच्या आत नाही. तो वेगळ्या पिशवीत, ड्राय बॅगेच्या वर, दोन पट्ट्यांखाली. सकाळी ओला तंबू परत तिथेच जातो आणि कोरड्या सामानाला शिवत नाही.

तंबूबद्दल जरा सविस्तर, कारण फसवणूक इथे जास्त होते. हा सगळा प्रदेश कॅनेडियन शील्डच्या जुन्या खडकावर आहे. माती कुठे वीतभर, कुठे चार बोटं. फक्त खुंट्यांच्या जोरावर उभे राहणारे हलके तंबू इथे कामाचे नाहीत. खांबांवर आपापला उभा राहणाराच हवा. तंबूसोबत येणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच खडकाळ जागेवर वाकतात. वाय आकाराच्या सहा जाड खुंट्या आणि प्रत्येकी तीन मीटरचे चार तणावे वेगळे घ्या. खुंटी शिरतच नसेल तिथे तणाव्याचं टोक नारळाएवढ्या दगडाला बांधायचं आणि त्या दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर एक मोठा दगड ठेवायचा. दोरी ओढली गेली की लहान दगड मोठ्याला अडकतो. मोठ्या दगडाला गाठ मारत बसण्यापेक्षा हे पटकन होतं, आणि दोरी सैल झाली तर लहान दगड मागे सरकवला की काम झालं.

विकत घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, घडी घातलेल्या खांबांची लांबी. ३०-३५ सेंटिमीटर असेल तर खांब पॅनिअरमध्ये आडवे बसतात, ४५-५० असेल तर कुठेतरी बाहेर डोकावतात. दुसरी, आधी बाहेरचं कापड लावून आतली जाळी नंतर टांगता येते का. आधी आतला भाग उभा करावा लागणारा तंबू पावसात पाच मिनिटांत तळ्यासारखा भरतो. खालची ताडपत्री बाहेरच्या कापडाच्या आतच दुमडायची. ती चार बोटं जरी बाहेर राहिली तर कापडावरून ओघळणारं पाणी तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

जागा निवडताना पाण्याच्या अगदी काठावर जायचा मोह आवरावा. पाण्यापासून ६० मीटर मागे, थोड्या उंच जागी तंबू लावला तर दव कमी पडतं, वारा खेळतो आणि डासही कमी. दोन्ही झरोके उघडे ठेवा, थंडी वाजली तरी. आणि वर बघा. ४ जुलै १९९९ च्या वादळाने या सीमाभागातलं जंगल मैलोन्‌मैल आडवं केलं होतं, नंतरच्या आगींनी आणि किडीनेही वठलेली झाडं उभी ठेवली आहेत. वाळक्या झाडाच्या पडण्याच्या टप्प्यात तंबू नको.

गादीची आर व्हॅल्यू, म्हणजे जमिनीची थंडी अडवण्याची क्षमता, ३.५ ते ४.५ असली की पुरे. स्लीपिंग बॅगेवर दोन आकडे छापलेले असतात, त्यातला 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते तापमान) बघा, 'लिमिट' (कशीबशी रात्र निघेल ते) नव्हे. जून ते ऑगस्ट ५ अंशांची बॅग चालते, सप्टेंबरसाठी शून्याची. पिसांची की सिंथेटिक, यावर वाद चालूच राहील. ओल लक्षात घेता सिंथेटिक सुचवलं जातं, पण ती दुप्पट जागा खाते. स्वतंत्र ड्राय बॅग वापरणार असाल तर पिसांची घ्या. गादी तोंडाने फुगवू नका, आतमध्ये ओल साठते. पिशवीपंप वापरा. हवा जाते कुठून हे कळेना तर गादी तळ्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा पूर्ण वाळवून अल्कोहोलने पुसायची आणि मगच ठिगळ लावायचं. ओल्यावर लावलेलं ठिगळ रात्री निघतं.

स्टोव्ह साधा, कॅनिस्टरवर म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारा. लिटरभर पाण्याला वारा नसताना १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, वाऱ्यात दुप्पटही जातो. म्हणजे २३० ग्रॅमचं कॅनिस्टर एका माणसाला चार-पाच दिवस सहज पुरतं. वारा अडवायला कॅनिस्टरभोवती पत्रा गुंडाळायचा नाही. खालचं कॅनिस्टर तापतं आणि प्रकरण धोक्याचं होतं. बाइकचा आडोसा घेण्याचाही विचार नको, वर पेट्रोलची टाकी आहे. लाकडावर चालणारे छोटे स्टोव्ह दिसायला छान, पण कोरड्या उन्हाळ्यात आगबंदी आली की तेच आधी बाद होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रीनवुड आग लागली तेव्हा बाउंड्री वॉटर्स या सीमेलगतच्या राखीव रानाचं अख्खं क्षेत्रच बंद करावं लागलं होतं. व्हॉल्व्ह बंद करता येणारा गॅसचा स्टोव्ह साध्या आगबंदीत बहुधा चालतो, तरी त्या आठवड्याचा आदेश वाचूनच निघा. जळण बाहेरून आणू नका, मुक्कामाजवळच विकत घ्या. लाकडातून ॲश झाडाची कीड पसरते, आणि सीमेवर तर ते अडवतातच.

तळ्यांचं पाणी चहासारखं तांबूस दिसतं. तो पालापाचोळ्यातला टॅनिन आहे, घाण नव्हे. पण त्यातल्या बारीक गाळाने ०.१ मायक्रॉनचा फिल्टर लवकर तुंबतो. रोज संध्याकाळी उलटं पाणी मारून तो धुवा, आणि पाणी आधी रुमालातून गाळा. गोठण्याच्या रात्री फिल्टर पांघरुणात घेऊन झोपा. एकदा आत बर्फ झाला की तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शंका असेल तर पाणी सरळ उकळा.

काळी अस्वलं सगळीकडे आहेत. खाणं, टूथपेस्ट, साबण, सगळं एका पिशवीत, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं. असं झाड दरवेळी मिळत नाही, म्हणून अस्वलाला न उघडणारा प्लॅस्टिकचा डबा परवडतो, जरी तो पॅनिअरची निम्मी जागा खातो. बाइकवरच्या कापडी बॅगेत खाणं ठेवून झोपणं म्हणजे सकाळी फाटकी बॅग बघण्याची तयारी.

डासांपेक्षा काळ्या माश्या वाईट. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्यांचा जोर, डास जूनपासून जुलैभर. डास-माश्या पळवणारं डीईईटीचं औषध हेल्मेटच्या काचेला, चष्म्याला, स्विचगिअरच्या प्लॅस्टिकला लागलं तर पृष्ठभाग विरघळून धुरकट होतो. हाताला लावून तसेच ग्लोव्ह्ज घातले की ते काचेपर्यंत पोचतंच. पिकारिडिन हे तसंच दुसरं औषध प्लॅस्टिकला काही करत नाही, बाइकवाल्याने तेच घ्यावं. कपड्यांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवलं तर गोचिडीही दूर राहतात. तरी रोज रात्री गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली बघायचंच. इथल्या गोचिडीतून लाइमचा आजार होतो.

आता बाइक. जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवर धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरड्यात रस्ता छान घट्ट लागतो, पाऊस पडला की वर साबणासारखा थर येतो, तोही बाहेरून ओळखू येत नाही. शिवाय तो क्षार रेडिएटरच्या फिन्स, ॲल्युमिनियमचे भाग आणि चेन खातो. असा रस्ता संपला की त्याच दिवशी पाणी मारून धुवा, रेडिएटरला जोरदार फवारा न मारता. चेनला एरवी ६००-८०० किलोमीटरला तेल, पावसात दिवसाअखेर, चेन कोमट असताना.

टायरमधली हवा चढवलेल्या वजनाप्रमाणे, मॅन्युअलमध्ये 'फुल लोड'साठी दिलेली. लांब खडीवर ती १५-२० टक्के कमी केली तर पुढचं चाक शांत होतं, पण डांबरावर आल्यावर परत भरायला १२ व्होल्टचा छोटा पंप हवा. हवा भरायच्या १६ ग्रॅमच्या सीओटूच्या नळ्यांवर विसंबू नका. मागच्या रुंद टायरला चार नळ्या मारूनही हवा अर्धवटच भरते. ट्यूबवाली चाकं असतील तर जागा वाचवायला पुढची २१ इंचाची ट्यूब एकच न्या. मागच्या १७-१८ इंचाच्या चाकात ती अडचणीपुरती बसते. साइड स्टँडखाली हातभर रुंद नको, तळहाताएवढी प्लायवुडची फळी पुरते. पाइनच्या सुयांच्या मऊ जमिनीवर फळीशिवाय लावलेली बाइक पावसाच्या रात्री हमखास आडवी होते.

रस्त्यांत डुलुथहून सीमेपर्यंत काठाने जाणारा मिनेसोटा ६१ सुमारे १५० मैलांचा. निवांत, पण जुलैतही काठावर धुकं आणि गारठा, आणि तासाभराच्या अंतरावर आत ऊन. म्हणून जॅकेटचं अस्तर वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. इलगेन सिटीहून ईलीकडे जाणारा हायवे १ वळणांसाठी सगळ्यांत चांगला. टॉफ्टीहून निघणारा सॉबिल ट्रेल आधी डांबरी, पुढे खडीचा. ग्रँड मरेहून सुरू होणारा गनफ्लिंट ट्रेल ५७ मैलांचा आणि शेवटी संपतो, त्याच वाटेने परत यावं लागतं. जाऊन-येऊन ११४ मैल, त्यामुळे पेट्रोल ग्रँड मरेलाच काठोकाठ भरा. स्टेट पार्कच्या जागांचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर जातात. स्प्लिट रॉक लाइटहाउसला काही जागांवर सामान हातगाडीवरून न्यायचं असतं, बाइक पार्किंगमध्येच राहते. हत्यारं आणि हेल्मेट कुठे ठेवायचं हे आधी ठरवा. सुपीरियर नॅशनल फॉरेस्टचे साधे, आरक्षण नसलेले मुक्काम मला जास्त सोयीचे वाटतात. तंबूशेजारी बाइक, शेगडी, संडास, बस्स. नळाचं पाणी मात्र धरू नका.

ऑन्टारिओत हायवे १७ वर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, उंच असतो, अंगाने काळा, हेडलाइट त्याच्या पायांवर पडतो आणि डोळे चमकत नाहीत. टाकी निम्मी झाली की मिळेल तिथे भरायची. हेल्मेट तिकडे सक्तीचं. मिनेसोटात ते १८ वर्षांखालच्यांना आणि शिकाऊ परवानेवाल्यांनाच आहे, पण तिथे डोळ्यांचं संरक्षण सगळ्यांना लागतं. अस्वल पळवायचा फवारा सीमेवरून कॅनडात नेताना त्यावर प्राण्यांसाठी असल्याचं छापलेलं हवं. माणसांसाठीचा मिरपूड फवारा तिकडे बेकायदा आहे.

मोसम संपल्यावर तंबू दोन दिवस सावलीत टांगून पूर्ण वाळवा, मगच ठेवा. ओल राहिली तर आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सोलायला लागतो आणि त्यावर उपाय नाही. गादी व्हॉल्व्ह उघडा ठेवून, न गुंडाळता. स्लीपिंग बॅग मोठ्या सुती पिशवीत सैल. फिल्टर घराच्या आत ठेवा, गॅरेजमध्ये नको.